वाचकांचे प्रश्न: ड्रिल चकचा आर्बर

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच तक्रारीभोवती फिरतात: चक (ड्रिल धरणारा पंजा) चांगल्यातला घेतला, ड्रिलही नवं आहे, तरी भोक मोठं पडतं नाहीतर चक मधेच सुटतो. अशा वेळी दोष बहुतेकदा चक आणि स्पिंडल (मशीनचा फिरणारा दांडा) यांना जोडणाऱ्या आर्बरमध्ये, म्हणजे दोन्ही टोकांना निमुळत्या दांड्यामध्ये, सापडतो. पन्नास रुपयांचा विचार करून आर्बर घ्यायचा आणि चकवर हजारो घालायचे, हा हिशेब उलटा आहे. म्हणून यावेळचं सदर पूर्ण आर्बरलाच दिलं आहे.

प्रश्न: आमचं अंबडला छोटं जॉब शॉप आहे. १३ मिमीचा नवा चावीचा चक आणला, त्यावर जेटी-६ असं कोरलेलं आहे. आमच्याकडचा जुना आर्बर एका बाजूला एमटी-२ आणि दुसऱ्या बाजूला बी-१८ आहे. दुकानदार म्हणाला, दोन्ही एकच, बिनधास्त लावा. चक बसला, पण आर्बरचा टेपर (निमुळता भाग) बारा-तेरा मिमी बाहेर राहतो आणि हाताने हलवला तर किंचित डुलतो. ठोकून बसवू का?

उत्तर: ठोकू नका. ते दोन टेपर वेगळे आहेत आणि तुम्हाला जे दिसतंय ते नेमकं त्यामुळेच.

आर्बरला दोन टोकं असतात आणि दोन्हींची मापं स्वतंत्रपणे ठरतात. एक टोक मशीनमध्ये जातं. ड्रिलिंग मशीन आणि लेथच्या टेलस्टॉकमध्ये (मागच्या टोकाच्या आधारात) ते बहुधा मोर्स टेपर असतं, म्हणजे एमटी-१, २, ३, ४ वगैरे. दुसरं आखूड टोक चकच्या मागच्या भोकात जातं. तिथे दोन घराणी चालतात. एक बी मालिका: बी-१०, १२, १६, १८, २२, २४. ही मोर्स टेपरचेच तुकडे पाडून केलेली आहे. बी-१० आणि बी-१२ एमटी-१ मधून, बी-१६ आणि बी-१८ एमटी-२ मधून, बी-२२ आणि बी-२४ एमटी-३ मधून. बी-पुढचा आकडा म्हणजे जाड टोकाचा साधारण व्यास. दुसरं घराणं जेकब्स टेपर, म्हणजे जेटी. त्यातले आकडे व्यास सांगत नाहीत आणि क्रमानेही वाढत नाहीत. जेटी-३३ हा जेटी-६ पेक्षा बारीक आणि जेटी-३ दोघांपेक्षा जाड. त्यामुळे इथे नुसत्या आकड्यावर विसंबायचं नाही.

आता तुमची जोडी बघू. बी-१८ चं जाड टोक १७.७८ मिमी, लांबी ३२ मिमी. जेटी-६ चं भोक तोंडाशी १७.१७ मिमी, खोली २५.४ मिमी. बी-१८ चा उतार २० मिमी लांबीत १ मिमी, तर जेटी-६ चा तेवढ्याच लांबीत १.०४ मिमी. हिशेब केला तर आर्बर भोकात १९ मिमी गेल्यावर त्याचं बारीक टोक आत अडकतं आणि उरलेले १३ मिमी बाहेर राहतात. तोंडापाशी ०.०४ मिमीच्या आसपास फट उरते. म्हणजे चक फक्त आतल्या एका कड्यावर टेकलेला आहे. हाताने ओढला तर घट्ट वाटेल, ड्रिल लागलं की डुलेल. ठोकून बसवलात तर चकच्या भोकात गोल वण पडेल आणि मग बरोबर मापाचा आर्बरही त्यात नीट बसणार नाही.

बी-१६ चा आर्बर जेटी-३३ च्या चकला लावणं ही अशीच दुसरी चूक. तोंडाचे व्यास इतके जवळ आहेत (१५.७३ आणि १५.८५) की डोळ्यांना फरक कळत नाही. पण जेटी-३३ चा उतार बराच तीव्र आहे, २० मिमीत १.२७. बारीक टोक आत टेकतं आणि तोंडापाशी पाव मिमीपेक्षा जास्त मोकळी जागा राहते. अशा चकमध्ये भोक गोल पडणं शक्यच नाही.

कोरलेलं माप पुसलं असेल तर ते असं काढा. आर्बरच्या आखूड टोकावर मार्कर पेनने २० मिमी अंतरावर दोन रेघा मारा आणि दोन्ही ठिकाणी मायक्रोमीटरने व्यास घ्या. फरक १ मिमी आला तर बी-१६ किंवा बी-१८, १.२७ आला तर जेटी-३३, १.६३ आला तर जेटी-२. बी-१८ आणि जेटी-६ मधला फरक जेमतेम ०.०४ असल्याने तिथे उतारापेक्षा जाड टोकाचा व्यास बघा: १७.७८ की १७.१७. चकच्या भोकाचं तोंड व्हर्नियरच्या आतल्या जबड्यांनी मोजता येतं, पण कडेला चॅम्फर (तिरकी कापलेली कड) असेल तर माप थोडं जास्त येतं, हे धरून चाला.

तुम्हाला एमटी-२ बाय जेटी-६ आर्बर हवा. मागताना तिसरी गोष्टही सांगा: मागे टँग (चपटं शेपूट) हवी की आटे. ड्रिलिंग मशीनच्या स्पिंडलला आडवी खाच असते, तिथे टँगवाला घ्या, नाहीतर ड्रिफ्ट (खाचेत ठोकायची निमुळती पट्टी) घालून काढता येणार नाही. मिलिंगला ड्रॉबार (आर्बर मागून खेचून धरणारा लांब बोल्ट) असतो, तिथे मागे आटे असलेलाच लागतो. आणि आर्बर घ्यायला जाताना चक पिशवीत घालून न्या. काउंटरवरच दोन्ही पुसून हाताने बसवून बघा. बरोबर जोडी असेल तर हलक्या पिळ्यानेच धरते आणि डुलत अजिबात नाही.

प्रश्न: सातपूरच्या एका कारखान्यात फिटर आहे. पिलर ड्रिलचा चक आर्बरवरून आठवड्यातून एकदा तरी खाली पडतो. माप बरोबर आहे, बी-१६ ला बी-१६. दरवेळी हातोडीने ठोकून बसवतो. लॉकिंगचं लिक्विड टाकलं तर कायमचा बसेल का?

उत्तर: माप बरोबर असूनही चक पडत असेल तर तीन शक्यता असतात, आणि ज्या क्रमाने सांगतो त्याच क्रमाने तपासा.

पहिली, तेल. या टेपरची पकड निव्वळ घर्षणावर असते. नवा आर्बर गंजरोधक तेल लावून येतो आणि बहुतेक जण तो तसाच, फार तर चिंधीने पुसून बसवतात. चिंधीने पुसल्यावरही पातळ थर राहतोच. रॉकेलने धुतलं तर रॉकेलचाही थर राहतो, म्हणून शेवटचा हात थिनर किंवा अॅसिटोनचा हवा. चकच्या भोकात बोट घालून नव्हे, काठीला स्वच्छ सुती कापड गुंडाळून आतून पुसा, कापड पांढरं निघेपर्यंत.

दुसरी, बर (धातूची उठलेली कड) किंवा ओरखडा. चक एकदा फरशीवर पडला की आर्बरच्या कडेला बारीक टिपका उठतो. तो नखाला लागतो, डोळ्यांना दिसत नाही. बारीक ऑइलस्टोनने तेवढाच भाग सपाट करा. एमरी पेपर गुंडाळून पूर्ण टेपर घासू नका, त्याने गोलाई जाते.

तिसरी, टेपरच झिजलेला. आर्बरवर मार्किंग ब्लूची अगदी पातळ रेघ लांबीने ओढा, चकमध्ये घालून पाव फेरी फिरवा आणि बाहेर काढा. निळा रंग निदान पाऊण लांबीत, आणि जाड टोकाकडे जास्त पुसला गेला पाहिजे. फक्त बारीक टोकाला किंवा मधेच एका पट्ट्यात पुसला गेला तर आर्बर बदला. व्हॉल्व्ह ग्राइंडिंग पेस्ट लावून चक आणि आर्बर एकमेकांवर घासायची पद्धत आपल्याकडे बरीच चालते. ती टाळा. घासताना दोन्हीवर पायरी पडते आणि पुढे तो चक त्या एकाच आर्बरवर, त्याच खोलीला, कसाबसा बसतो.

हे सगळं झाल्यावर बसवण्याची रीत. चकचे जबडे चावीने पूर्ण आत घ्या, म्हणजे चकच्या तोंडाबाहेर काही उरणार नाही. जबडे बाहेर ठेवून ठोकलं की सगळा मार जबड्यांच्या आट्यांवर जातो, आणि चक नंतर कधीच एका केंद्रात धरत नाही. मग चक तोंड खाली करून लाकडाच्या ठोकळ्यावर ठेवा, आर्बर त्यात सरळ घाला आणि मागून लाकडी किंवा तांब्याच्या हातोडीने एकच खणखणीत घाव द्या. टँगवर लोखंडी हातोडी कधीच नको; टँग फुगली की ती स्पिंडलच्या खाचेत शिरत नाही. हँडप्रेस असेल तर त्याहून उत्तम. बिनचावीच्या चकला तर घाव देऊच नका, प्रेसनेच बसवा.

लॉकिंग लिक्विडबद्दल: टेपर चांगला असेल तर त्याची गरज नाही, आणि टेपर खराब असेल तर त्याने चक पडणार नाही, पण वाकडा बसलेला तसाच वाकडा जाम होईल. पुढे काढायची वेळ आली की तापवावं लागतं, ते वेगळंच.

काढायचा असेल तेव्हा चकची मागची बाजू आणि आर्बरची कॉलर यांच्यामध्ये दोन बाजूंनी दोन काट्याच्या पाचरी घालून व्हाइसमध्ये हळूहळू दाबा. पाचर टेपरच्या मापाची मिळते. कॉलर नसेल तर चक पूर्ण उघडा आणि आत बघा. बऱ्याच चकना मधोमध आरपार भोक असतं. त्यातून रॉड घालून आर्बर प्रेसने बाहेर ढकलता येतो. भोक नसेल तर तळाच्या मध्यावर ८ मिमीचं पाडता येतं. चावीच्या चकमध्ये हा भाग सहसा कडक केलेला नसतो.

प्रश्न: सिन्नर. आमच्या मिलिंगला एमटी-३ चा आर्बर आणि १३ मिमी चक आहे. त्यात १० मिमीचा एंडमिल (कडेनेही कापणारा कटर) धरून खाच काढताना चक कटरसकट जॉबवर पडला. ड्रॉबार घट्ट होता. मग सुटला कसा?

उत्तर: ड्रॉबार एमटी-३ चं टोक वर खेचून धरतो. चकच्या बाजूच्या आखूड टेपरला धरणारं तिथे काहीच नसतं. ड्रिलिंगमध्ये दाब वरच्या दिशेने येतो, त्यामुळे तो टेपर उलट घट्ट होत जातो. एंडमिलचा दाब आडवा आणि प्रत्येक दातागणिक हिसका देणारा असतो. त्यात सर्पिल धार कटरला खाली ओढते. काही सेकंदांत टेपर सैल होतो. दुसरं, चकचे तीन जबडे कडक एंडमिलच्या दांड्याला फक्त तीन रेषांवर धरतात, तिथेही तो घसरत खाली येतो.

ड्रिल चकमध्ये एंडमिल धरायचाच नाही, हलका कट असला तरी. ईआर-३२ चा कोलेट चक (दांड्याला चहूबाजूंनी आवळणाऱ्या चिरलेल्या बाहीचा) घ्या, मागे एमटी-३ आणि एम-१२ आटे असलेला (एमटी-२ ला एम-१०, एमटी-४ ला एम-१६ येतात). कोलेट चक आणि त्याचं बूड एकसंध असल्याने मधे सुटणारा टेपरच राहत नाही. मशीनवरून काढताना ड्रॉबार एक-दोन फेरे सैल करून डोक्यावर हलका टोला द्या. पूर्ण काढून ठोकलात तर शेवटच्या आट्यावर मार बसतो.

प्रश्न: पिंपळगाव बसवंतला द्राक्षबागेच्या फवारणी यंत्रांच्या दुरुस्तीचं काम करतो. लेथच्या टेलस्टॉकमध्ये एमटी-३ आर्बर लावून शाफ्टला १६ मिमीचं भोक पाडताना आर्बर आतल्या आत फिरतो. आता त्यावर गोल ओरखडे आलेत आणि टेलस्टॉकमध्येही. टँग असूनही का फिरतो?

उत्तर: टँग हे फिरणं थांबवायला नसतं, हा मोठा गैरसमज आहे. ती ड्रिफ्टने बाहेर ढकलण्यासाठी असते. जोर टेपरच्या घर्षणानेच पेलायचा असतो. बऱ्याच टेलस्टॉकमध्ये तर टँगसाठी खाचच नसते, आत साधं गोल भोक असतं. घर्षण सुटलं की टँग एकतर मोकळी फिरते किंवा पिळवटून तुटते.

एकदा ओरखडे पडले की पुढच्या वेळी फिरणं आणखी सोपं होतं, म्हणून आधी जागा दुरुस्त करा. आर्बर नवा घ्या. जुन्यावरचे उठलेले काठ स्टोनने काढून तो हलक्या कामाला ठेवा, पण खराब आर्बर चांगल्या टेलस्टॉकमध्ये घालू नका. टेलस्टॉकच्या आतल्या टेपरसाठी एमटी-३ चा फिनिशिंग रीमर घ्या, रफिंगचा नव्हे. तो हाताने, सरळ, कटिंग ऑइल लावून, फक्त घड्याळाच्या दिशेने फिरवा. उद्देश धातू काढण्याचा नाही, उठलेले काठ छाटण्याचा आहे. दोन-तीन फेऱ्यांनी चिप येणं कमी झालं की थांबा. खोल ओरखडे राहिले तरी चालतात, वर आलेले राहता कामा नयेत.

मग कामाची रीत. सेंटर ड्रिल, नंतर ४ ते ५ मिमीचं पायलट (आधीचं बारीक) भोक, म्हणजे १६ च्या ड्रिलचं मधलं बोथट टोक धातू चिरडत बसणार नाही. जोराचा मोठा वाटा तिथेच जातो. मग साध्या पोलादात ४०० ते ५०० आरपीएम आणि प्रत्येक काही मिमीनंतर ड्रिल बाहेर काढून चिप झाडणं. भोकात चिप गच्च बसली की ड्रिल अडकतं आणि सगळा झटका आर्बरवर येतो. ड्रिल आरपार निघायच्या क्षणी हात हलका करा. नेमकं तिथेच ड्रिल धातूत घुसून ओढलं जातं.

आणि खरं सांगायचं तर १३ मिमीच्या वर चकचा आग्रह सोडून टेपर शँकचं (निमुळत्या दांड्याचं) ड्रिल वापरा. १६ मिमीचं टेपर शँक ड्रिल साधारणपणे एमटी-२ चं येतं, त्याला एमटी-३ ते २ ची स्लीव्ह लागेल. चक आणि आर्बर या दोन वस्तू जाऊन एक स्लीव्ह राहते आणि लांबीही कमी होते.

आर्बर घेताना एक गोष्ट टेलस्टॉकपुरती बघा. हँडव्हील उलटं फिरवून क्विल (टेलस्टॉकची पुढे-मागे सरकणारी नळी) पूर्ण मागे घेतलं की आतला स्क्रू आर्बरला मागून ढकलून बाहेर काढतो. टँग लांब असेल तर आर्बर लवकर सुटतो आणि क्विलचे तेवढे मिमी वाया जातात. बिनटँगचा असेल तर स्क्रू पोहोचतच नाही. मागच्या आट्यात योग्य लांबीचा बोल्ट लावून ठेवा, तो टँगचं काम करतो.

प्रश्न: आयटीआयच्या दुसऱ्या वर्षाला आहे, नाशिक. चकमध्ये ड्रिल वाकडं फिरतं. दोष चकचा, आर्बरचा की मशीनचा, हे कसं ओळखायचं?

उत्तर: वरून खाली एकेक जोड मोजत या. ०.०१ मिमीचा लिव्हर डायल (वाकडेपणा मोजणारं घड्याळ) मॅग्नेट बेसवर टेबलावर लावा, आणि स्पिंडल बेल्टने हाताने फिरवा, मोटर चालू न करता.

आधी सगळं काढून स्पिंडलच्या आतल्या टेपरवर डायल लावा. मग आर्बर चकशिवाय बसवून त्याच्या आखूड टेपरवर. शेवटी चक लावून त्यात सरळ दांडा, शक्य तर चांगल्या ड्रिलचा न वापरलेला दांडा किंवा डॉवेल पिन धरून, तोंडापासून २५ मिमी खाली. समजा स्पिंडलवर ०.०२, आर्बरवर ०.०३ आणि दांड्यावर ०.१८ आलं, दोष चकमध्ये. स्पिंडल ०.०२ आणि आर्बर ०.१२ असेल तर आर्बर काढा, पुसा, १८० अंश फिरवून पुन्हा बसवा. उंच बिंदू आर्बरबरोबर फिरला तर आर्बर वाकडा आहे. जागच्या जागी स्पिंडलवरच राहिला तर स्पिंडलमध्ये चिप किंवा बर आहे. प्रत्येक उंच बिंदूवर मार्करची खूण करत चला, नाहीतर हे लक्षात राहत नाही.

साध्या चावीच्या चकला ०.१ मिमीच्या आसपास रनआऊट (फिरतानाचा वाकडेपणा) असतं, कामाला ते चालतं. चावी तिन्ही भोकांत थोडी थोडी फिरवून आवळलात तर बऱ्याचदा त्यातही कमी येतं.

ड्रिफ्टने आर्बर काढतानाही एक सवय आताच लावून घ्या. ड्रिफ्टची गोल कड वरच्या बाजूला, खाचेच्या गोलाईकडे, आणि सपाट उतरती कड टँगवर. खाली टेबलावर लाकडाची फळी ठेवा आणि दुसरा हात चकखाली धरा.

प्रश्न: घोटीला वर्कशॉप आहे. पावसाळ्यात आर्बर स्पिंडलमध्ये गंजून अडकतात. काय करावं?

उत्तर: इगतपुरी-घोटीच्या पावसात शनिवारी लावून ठेवलेला आर्बर सोमवारी तांबूस झालेला असतो, विशेषतः पाण्यात मिसळायचं कूलंट टेपरमध्ये झिरपलं असेल तर. जून ते सप्टेंबर आठवड्याची सुट्टी लागण्याआधी आर्बर काढा, पुसा, त्यावर आणि स्पिंडलच्या आत गंजरोधक तेलाचा हात द्या. सोमवारी ते तेल थिनरने पूर्ण काढूनच बसवा. सुटे आर्बर व्हीसीआय (गंज रोखणारी वाफ सोडणाऱ्या) कागदात गुंडाळून प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवा. लाकडी खोक्यात नको, लाकूड ओल धरून ठेवतं. अडकलेल्याला भेदक तेल टाकून रात्रभर ठेवा आणि मग ड्रिफ्ट वापरा. गंजाचा पातळ थर हिरव्या स्क्रबरने गोल फिरवत काढा.

प्रश्न: मुसळगाव एमआयडीसी. व्हीएमसीला (संगणकावर चालणाऱ्या उभ्या मिलिंग मशीनला) बीटी-४० मापाचा होल्डर आहे. त्यात बी-१६ चा आर्बर आणि चक लावायचा की होल्डरसकट एकसंध बिनचावीचा चक घ्यायचा? किमतीत बराच फरक आहे.

उत्तर: एकसंध घ्या. टूल चेंजरमध्ये होल्डर झटक्याने फिरतो, तिथे आखूड टेपरवर बसवलेला चक सैल होण्याचा धोका कायम राहतो, आणि एकसंध चकची लांबी कमी असल्याने ड्रिल कमी डुलतं. घेताना पुल स्टड (होल्डर खेचून धरायला मागे लावलेला बोल्ट) तुमच्या मशीनच्याच कोनाचा आहे ना ते बघा. आटे एम-१६ चे असले तरी डोक्याचे प्रकार वेगवेगळे असतात, आणि चुकीचा लावला तर होल्डर नीट पकडला जात नाही.

बिनचावीचा चक फिरण्याच्या दिशेच्या जोरावर आवळत जातो. त्यामुळे स्पिंडल उलटं फिरवायचं कोणतंही काम त्यात करू नका, टॅपिंग तर नाहीच. उलट फेरीत जबडे सैल होतात. जास्त वेगावरून एकदम ब्रेक लागला तरी तेच होतं, म्हणून प्रोग्राममध्ये वेग आवाक्यात ठेवा आणि टूल बदलण्याआधी स्पिंडल थांबायला वेळ द्या. कार्बाइड ड्रिलसाठी मात्र हा चकही नको. कार्बाइड थोड्याशा रनआऊटनेही तुटतं, त्याला ईआर कोलेट किंवा हायड्रॉलिक होल्डर लावा आणि दांड्यावर ०.०२ मिमीच्या आत रनआऊट मिळतं का ते डायलने बघूनच पहिलं भोक पाडा.